लाली

लगेच बघू नका हाताकडं, इंदूताई.
आधी पंख्याखाली सरका.
पट्टी ओढली की कातडी बावरते,
केसाकेसाच्या मुळाशी एकेक लाल ठिपका
उभा राहतो, हजेरी दिल्यासारखा.
बस म्हणून तो बसत नाही.
आपला आपण बसतो.

"पेटलाय की गं हात!"
पेटणारच. पहिलीच वेळ न्हवं का ही,
अठ्ठावन्नाव्या वर्षी.

राजारामपुरी, आठवी गल्ली, जिन्याखाली माझं पार्लर.
दोन खुर्च्या, एक आरसा,
फ्रीजमध्ये वर बर्फ, खाली घरचं दूध.
बर्फ उघडा लावत नाही मी कुणाला.
पोराच्या जुन्या दुपट्याचं फडकं ठेवलंय,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं,
त्यात गुंडाळतो, टेकवतो, उचलतो,
टेकवतो, उचलतो.
चोळत नाही.
हात म्हणजे काय परातीतली कणीक हाय?

ह्या हातानं एकतीस वर्षं के.एम.टी.ची तिकिटं फाडली.
गंगावेस, बिंदू चौक, बावडा,
वरचा बार धरून, कोपरानं गर्दी सारत,
खाकी बाही मनगटापर्यंत.
बाहीच्या आतला हात कुणी पाहिलाच नव्हता,
त्यांनीसुद्धा.
उद्या डेपोत सत्कार. शाल, नारळ, ग्रुप फोटो.
सुनेनं ब्लाऊज शिवलाय, डाळिंबी, आखूड बाह्यांचा.
म्हणून आल्या. चप्पल बाहेर काढून,
दवाखान्यात यावं तशा.

कोपराखाली जुना डाग, रुपयाएवढा, गुळगुळीत.
हा कशाचा?
"बॉनेटचा. गाडी तापलेली, ताराराणी चौकात."
मग लावलं काय?
"लावतो काय? फेरी होती."

जिन्याच्या वळणावर रंगाच्या डब्यात कोरफड हाय माझी.
पान कापून वाटीत उभं ठेवलं.
पिवळा चीक गळून जाऊ दे आधी,
खाज तोच आणतो.
घाईच्या बायका इथंच फसतात.
थांबलो दोघी.
बाहेर कुणीतरी स्कूटीला किक मारत होतं, लागत नव्हती.

मग आतला गर, गार, बिनवासाचा,
आधी कानामागं टिकलीएवढा,
काही झालं नाही म्हटल्यावर
मनगटापासून वर वर.
डागापाशी बोट आपोआप हळू झालं.
"त्याला आता काय होत नाही."
ठाऊक हाय, म्हटलं.
तरी.

आज रात्री कढत पाणी नको. वासाचा साबण नको.
पावडर तर नकोच, भोकांत जाऊन बसते.
घरात सैल सुती घाला, उद्या उन्हात फिरू नका,
ब्लाऊज ऐन वेळेला.
खाज सुटली तर नख नाही, गार फडकं.
आणि दोन दिवसांनी पुळ्या राहिल्याच
तर मला फोन नको, डॉक्टरला दाखवा,
मी काय सगळ्यातली नव्हे.

तोवर त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडं.
गरम मेणानं ठसे गेलेत.
रेशनच्या मशीनला माझा अंगठा लागत नाही,
दर महिन्याला दुकानदार म्हणतो, परत दाबा, परत दाबा,
मागं रांग.
"तू काय लावतीस ह्याला?"
मी हसलो. म्हटलं, गिऱ्हाईक असतंय की पुढचं.

हात तेवढ्यात निवत आला होता.
लालीची गुलाबी झालेली, गुलाबीची कडा विरत चाललेली.
पैसे दिले त्यांनी, सुट्टे, दोनदा मोजून,
नाण्यांचा चवडा करून आरशाखाली ठेवला.
उठल्या, परत बसल्या.
वाटीत उरलेला गर दोन बोटांनी घेतला,
माझा अंगठा उताणा केला,
आणि लागल्या चोळायला,
जोरात, दाबून, कणीक तिंबावी तसं.

मी काही बोललो नाही.