पाऊणपट

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत
चार संगणक. त्यातला एक दम्याच्या पेशंटसारखा,
बसल्या जागी धापा टाकणारा.
दर शुक्रवारी दोन ते चार मी शिकवते
शोधायचं कसं.

हजेरीत सतरा, खोलीत अकरा.
रसिका गिरप पहिल्याच तासाला टाइप करते:
खाडीतले मुळे कमी का झाले
आणि पडद्यावर येतं मुळ्यांचं सुकं,
ओलं खोबरं वाटून,
त्याखाली मुळ्याची भाजी, मूळव्याधीवर काढा,
त्याखाली पावसामुळे, धरणामुळे, सरकारमुळे.
पोरं बाकावर डोकी टेकून हसतात.

मी म्हणते, एका नावाने ओ देत नसेल
तर त्याला घरी काय म्हणतात ते विचारा.
तिसऱ्या. शिवल्या. आणि शास्त्रज्ञांच्या घरी
मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स,
जणू कुणी पलीकडच्या काठावरून दोनदा हाक मारतंय.
अवतरणचिन्हं लावा, शब्द एकमेकांचा हात सोडणार नाहीत.
नको ते वजा करा. वजा सुकं. वजा पराठा.
मग बघा कोणी लिहिलंय, कधी, कोणाच्या पैशाने.
बाजारात कल्ले उचलून बघता ना, तसं.

हे मला पाठ आहे. दरवर्षी म्हणते.
कल्ल्यांपाशी थोडं थांबते, हशा येतो.

तिसऱ्या शुक्रवारी तिला निबंध सापडला.
इंग्रजीतला, खरा, संदर्भांची शेपटी असलेला,
दशांशचिन्हानंतर दोन-दोन आकडे.
नकाशात ठाणे क्रमांक चार:
तिच्या घरामागचा धक्का.
मुळे, दर चौरस मीटर, शून्य.
छान, मी म्हणाले, उतरवून घे. विश्वासार्ह आहे.

पुढच्या शुक्रवारी ती दारातच उभी.
"मॅडम, चार नंबरार मुळे आसत.
आवशीन काल टोपभर काढल्यान."

तिच्या वहीत शून्य होतं,
माझ्याच सांगण्यावरून उतरवलेलं, दोनदा गिरवलेलं.

आम्ही तो निबंध पुन्हा उघडला
आणि मी नेहमी ओलांडून जाते त्या भागात शिरलो: पद्धती.
नमुने गोळा केले, अमुक तारखेला,
सकाळी अकरा ते साडेअकरा.
रसिकाने शेजारी पंचांग उघडलं. अमावास्या.
मग माऊस सोडून दिला
आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला,
बाजूचा यतीन तांडेलही ओठ हलवत तेच करत होता.
पंधराची पाऊणपट. सव्वाअकरा.
"भरतीक मुळे कोण मोजता, मॅडम?"

वीस वर्षं या गावात राहते मी.
ही पाऊणपट मला कोणी सांगितली नव्हती.
मीही विचारली नव्हती.

वर्गाला जिंकल्यासारखं झालं. कोणीतरी बाक वाजवला.
मी म्हणाले, थांबा.
आवशीलाही तेच विचारायचं.
टोप केवढा? आधी किती मिळायचे? कधीपासून नाहीत?
रसिका बाहेर जाऊन फोन लावून आली,
रेंज फक्त पायरीवर मिळते.
आधी पाटी भरायची, म्हणाली, दीड तासात.
आता टोप, तोही चार तास कंबर मोडल्यावर.

म्हणजे शून्य चूक. आणि कमी झाले, हे बरोबर.
हे दोन्ही एका वाक्यात कसं बसवायचं
यावर उरलेला तास गेला.

शेवटी संदर्भसूची.
आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, मी सांगते.
ती लिहिते: गिरप, सुलभा. प्रत्यक्ष मुलाखत.
खोडते.
"सुलभा फकत रेशनकार्डार. घराकडे बाय म्हणतत,
धक्क्यार यशवंताची.
मॅडम, कोणी शोधल्यान तर
खयच्या नावान गावात ती?"

चार वाजून गेलेले.
तो जुना संगणक अजून धापा टाकत होता,
मी त्याचं बटण शोधत राहिले.