जागल

लाइन जायच्या आत
हेमलता मडावी भिंगाखाली डाख देते
ज्वारीच्या दाण्याएवढ्या चिपच्या सहा पायांना,
श्वास धरून.

बारा बिट. म्हणजे चार हजार शहाण्णव पायऱ्या,
आकड्यांनी त्यांवरून चढून-उतरून आवाज व्हायचं.
पायऱ्यांचे कोपरे कानाला टोचतात
म्हणून पुढे एक रेझिस्टर, एक कपॅसिटर,
जिन्याची घसरगुंडी करणारे.

आवाज दसरू कुमरेचा:
सिंदेवाहीकडच्या बांधीत, मचाणावरून
रानडुकरांवर टाकलेला, हुर्र्याऽ हो,
मोबाइलात धरला तेव्हा
मागे कुत्रं भुंकलं, तेही आलं.

तीन सेल. धान निसवल्यापासून कापणीपर्यंत पुरायचे.
म्हणून चिप झोपते, इतकी गाढ
की हेमलताच्या स्वस्त मीटरवर नुसतं शून्य.
हाक आली की उठते, ओरडते, पुन्हा आडवी.
दसरूही असाच झोपायचा,
एक कान धानात ठेवून.

पहिल्या रात्री तो स्वतः आला ऐकायला,
बांधावर उभा, हाताची घडी.
"आवाज तं माहाच हाये.
पन मी असा येकसारका नाई वरडत, बाई.
डुक्कर हुशार. तिसऱ्या रात्री ओळखतीन."

हेमलतानं वही उघडली.
कधी आठ मिनिटांनी, कधी पन्नास,
कधी सूर जरा सैल, झोपेतून उठल्यासारखा.
पण कंटाळा किती बिटांत मावतो?

दसरूनं बिडी पेटवली.
मग खोकला, बराच वेळ,
आणि डब्याकडे बोट करून म्हणाला,
"हेबी भरा त्याच्यात."