एक नंबर मोठे

रामेश्वरीतली दुपार. शेहेचाळीस पॉइंट दोन.
कूलरच्या टाकीत पाइप सोडून
मी खिडकीशी टेकलो,
तेव्हा पलंगावर, लॅपटॉपच्या उजेडात,
एक जपानी मुलगी शाळेचा जिना
पाठमोरी उतरत होती.

चित्रातली मुलगी. गुडघ्याला खरचटलेलं.
खाली इंग्रजी ओळी यायच्या,
मी अर्धी वाचेपर्यंत दुसरी हजर.
"थांबा, मी सांगते," श्रावस्ती म्हणाली.
"असा उलटा जिना उतरला की ती कालच्यात जाते.
सुटलेली बस पकडते.
बोलायचं राहिलं ते बोलून घेते.
भांडण व्हायच्या आधीच दार लावते."
"मग बरंच आहे की."
"बरं काहून? तिचे बूट पाहा ना."

पाहिले.
प्रत्येक फेरीला बूट थोडे सैल.
वर्गातल्या एकाला मिसरूड फुटलं,
एकीनं केस कापले आणि गावच सोडलं,
ही अजून खालच्या पायरीवर
लेसला तिसरी गाठ मारत बसलेली.

लाइन गेली. कूलरचं पातं
घरघरत, मग नुसतंच फिरत, थांबलं.
बॅटरीवर सिनेमा चालू राहिला,
तिकडचे किडे आमच्या खोलीत किरकिरू लागले.

"तुम्ही कुठं गेले असते, बाबा?"

गणेशपेठचा बस स्टँड. पहाटेचे सव्वापाच.
पुण्याच्या गाडीच्या खिडकीतून
हंसराजचा हात,
आणि माझ्या खिशात माझंही तिकीट,
जे आजवर कुणाला दाखवलं नाही.
मनातल्या मनात उतरू लागलो, पाठमोरा.
पंधरा पायऱ्यांवर मेडिकलचा वॉर्ड लागला.
नर्सच्या हातात दुपट्यात तू,
दोन किलो तीनशे ग्रॅम.
त्याच्या खाली पाय टाकेना मी.

"मागच्या गुरुवारात," म्हटलं,
"ताट्या अडीचशेला देऊन राहिला होता तो,
मी उगाच तीनशे मोजले."
ती हसली.
पटलं नाही, तेही दिसलं.

त्या मुलीचं पुढं काय झालं, सांगता येणार नाही.
टाकी भरून वाहत होती.
पाणी फरशीवरून पलंगाखाली शिरलं
आणि श्रावस्तीनं वाकून, भिजायच्या आत,
शाळेचे बूट ओढून काढले.
गेल्या वर्षी बर्डीहून आणलेले,
एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून.
आमच्याकडे बूट तसेच घेतात,
पुढच्या वर्षाच्या पायासाठी.

तिनं पाय घालून पाहिला.
कापूस केव्हाच निघून गेलेला.
टाच आत जाईना.

"बर्डीला जावं लागते, बाबा."
"जाऊ. ऊन उतरू दे."
"अन् या वेळी," नजर स्क्रीनवरच ठेवून ती म्हणाली,
"मापाचे घ्या."

मी नळ बंद करायला गेलो.
आत ती मुलगी कुणाला तरी हाक मारत होती,
एकच शब्द, पुन्हा पुन्हा.
त्याचा अर्थ विचारायचा राहिला.