माप

निपाणीत जुन्या मोटार स्टँडामागं
माझं दोन खुर्च्यांचं दुकान. तिथं परवा वाद पेटला:
सायकलवाल्या मोठ्या माणसांनाही
हेल्मेट सक्तीचं करावं का.
पोरांचं ठीक, पोरांना आपण विचारतोच कुठं.

सातगोंडा मास्तर तोंडाला फेस असतानाच म्हणाले, "करावं!"
फेस माझ्या मनगटावर उडाला.
बाकावरून गौस बागवान:
"मास्तर, सायकल घेतली अठराशेला, जुनी.
टोपडं बाराशेचं. मग सायकललाच घालतो की."
लोक हसले. मीही हसलो, वस्तरा वर धरून.
कुणी म्हणालं, आधी हायवेचे ट्रक आवरा.
कुणी म्हणालं, कागलात काय नियम हाय बघा,
कोगनोळी नाक्यावर घालायचं का काढायचं, तेवढं तरी कळू दे.
डोकं काय नाका बघून फुटतंय?

आणि सक्ती हा शब्द आमच्याकडं
तापल्या तव्यासारखा, फडकं घेऊन उचलावा लागतो.
पाटी कुठल्या लिपीत, पोरगं कुठल्या शाळेत,
या एका शब्दानं घरोघरी काही ना काही नेलंय.
माझ्या दुकानाच्या पाटीला मीच दोनदा रंग दिलाय.
म्हणून मी गप्प.
न्हाव्याला मत नसतं.
असतं ते खुर्चीत बसलेल्याचं, आळीपाळीनं.

पण मला डोकी माहीत आहेत.
कुणाला दोन भोवरे,
कुणाच्या कानामागं विटीदांडूची खोक,
आणि टाळू, ओल्या केसांखाली
किती पातळ दिसते.
मास्तरांचीसुद्धा.

कणगल्याचा बसगोंडा दर गुरुवारी
तवंदी घाट उतरून बाजाराला यायचा,
मागं लोण्याचा डबा,
ब्रेकपेक्षा चपलेवर जास्त भरवसा.
घरात कन्नड, बाजारात मराठी.
शिव्या मात्र मराठीतच द्यायचा,
म्हणायचा, ह्या भाषेत नीट बसतात.
मागच्या दिवाळीआधी शेवटच्या वळणावर वाळू सांडलेली.
एवढंच.
ट्रक नव्हता, बस नव्हती. मूठ-दोन मूठ वाळू.

दवाखान्यातून परत आला,
हात धड, पाय धड, भूक पहिल्यासारखी.
मराठी तेवढी आली नाही.

आता खुर्चीत बसतो.
टाक्यांची जागा नांगराच्या तासासारखी,
वस्तरा तिथं थांबतो, वळसा घालतो.
"बसूअण्णा, कल्ले ठेवू?"
तो आरशातल्या मला बघतो,
ओळख न लागलेल्या पाहुण्याला बघावं तसा, ओशाळून.
मग मी माझ्या मोडक्या कन्नडात शिरतो.
"साकु?" म्हणजे पुरे का.
"इन्नू स्वल्प." आणखी थोडं.
एवढ्यावर आमचं चाललंय.
मुलगा म्हणतो, येईल हळूहळू.
डॉक्टरही तेच म्हणाले म्हणे, कागदाकडं बघत.

तीस वर्षांच्या शिव्या, लोण्याचे भाव,
माझ्या उधारीचा हिशेब,
दारातून आत येतानाचं ते
"काय रं, अजून जिता हायस?"
हा सगळा पसारा
करवंटीएवढ्या जागेत राहत होता,
आणि करवंटीवर ऊन पडत होतं, वारा लागत होता,
त्याला तेच आवडायचं.
घाट उतरताना डोक्याला वारा लागला नाही
तर उतरल्यासारखं वाटत नाही, म्हणायचा.
हेही मराठीतच म्हणायचा.

सक्ती करा, असं माझ्या तोंडून अजून निघत नाही.
करू नका, हेही आता निघत नाही.

काल दुकान लवकर मिटवलं.
सायकल भिंतीला टेकवून
हेल्मेटवाल्याच्या पायरीवर चढलो.
काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "काका, डोक्याचं माप?"

चाळीस वर्षं, दिवसाला वीस डोकी.
उभा राहिलो तसाच.
"बघ की रं तूच," म्हटलं,
आणि टोपी काढली.