हवेचा रोध नगण्य माना

एक दगड सरळ वर फेकला आहे.
आरंभीचा वेग सेकंदाला वीस मीटर.
हवेचा रोध नगण्य माना.

येर्को सरांनी फळ्यावर एवढं लिहिलं
आणि मागच्या बाकावरची एल्विरा बार्रिया
फस्सकन हसली. मग सगळाच वर्ग.

कारण हे पुंता आरेनास.
इथे नोव्हेंबरात चौकाचौकांत दोर बांधतात,
माणसांना धरून रस्ता ओलांडता यावा म्हणून.
इथली झाडं जन्मभर पूर्वेकडे वाकून असतात.
गेल्या वर्षी आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर
उडालं ते उडालंच,
नगण्य म्हणे!

सर खडूचे हात पँटला पुसत म्हणाले,
"माना. मानायला पैसे पडत नाहीत."

मी त्रेचाळीस वर्षांची, नाव इल्डा.
दिवसभर कारखान्यात खेकडे सोलते,
रात्री सात ते दहा इथे.
वहीचा कोपरा नाकाशी नेला तर अजून समुद्र येतो.
आधी चित्र काढायचं, हा सरांचा नियम.
मी दगड काढला, खडबडीत, एका बाजूला टवका उडालेला.
सर म्हणाले, ठिपका पुरे.
बाण वरच्या दिशेने. वर म्हणजे अधिक, खाली म्हणजे उणे,
एकदा ठरवलं की मध्येच बदलायचं नाही.
मग दोन रकाने:
दिलेलं काय,
शोधायचं काय.
हे मला फार आवडलं.
बाहेर कोणी रकाने पाडून देत नाही.

उत्तर आलं: दोन सेकंद आणि वर चिमूटभर.
उंची वीस मीटर चाळीस.
शीतगृहाच्या धुराड्याएवढी असेल, मी मनात मोजली.

ब) सर्वोच्च बिंदूवर दगडाचा वेग किती? त्वरण किती?

मी लिहिलं शून्य, शून्य.
दुसऱ्या शून्याभोवती लाल गोल पडला.
"पण थांबला ना सर तो तिथे?"
"थांबला. वेग संपला.
ओढ कुठे संपली, इल्डा?
ती पहिल्यापासून तेवढीच. नऊ पूर्णांक आठ.
हातातून सुटला तेव्हाही, वर पोचला तेव्हाही.
तीही शून्य असती तर
तो तिथेच लटकून राहिला असता."

मी खोडरबर घेतलं आणि खोडलं नाही.

धक्क्यावर नोल्बेर्तो थांबला होता तसाच.
बॅग खाली ठेवून, माझ्याकडे वळून,
एक क्षण, फार तर दोन.
मला वाटलं, आता राहील.
वर्षानुवर्षं मी तो क्षण उलटसुलट करून पाहिला:
तेव्हा मी काय बोलायला हवं होतं.
बोटीचा भोंगा वाजला, त्याने बॅग उचलली.
आणि आज कळतंय की
तो थांबलेला असतानाही निघालेलाच होता.

बरोबर उत्तर शून्याशेजारी लिहिलं. उणे चिन्हासकट.

सुटल्यावर एल्विरा आणि मी एकाच दोराला धरून चाललो.
कोपऱ्यावर तिने खडा उचलला, म्हणाली, बघू या सरांचं,
आणि फेकला सरळ वर.
मी मोजत राहिले. एक, दोन, तीन, चार, पाच.
तो आमच्याजवळ पडलाच नाही.
कुठेतरी पत्र्यावर ठण्ण झालं, कोणाचा तरी कुत्रा भुंकला,
आणि आम्ही दोघी, अर्ध्या म्हाताऱ्या, पळत सुटलो.
आरंभीचा वेग शून्य. त्वरण भरपूर.

आता स्वयंपाकघरात, शेगडीपाशी, पुढचं गणित.
सामुद्रधुनीची रुंदी पस्तीस किलोमीटर माना.
इकडून एक बोट ताशी चौदाने निघाली,
पोर्व्हेनिरहून दुसरी, ताशी एकवीसने, त्याच वेळी.
त्या कधी, कुठे समोरासमोर येतील?

वेगांची बेरीज करायची, एवढंच.
एका तासाने. आपल्या किनाऱ्यापासून चौदावर.
मागच्या पानावर उत्तर ताडून पाहिलं: बरोबर.
खिडकीची काच थरथरते आहे.
भेटल्यावर त्या काय करतात
हे विचारलेलं नाही.