दुसरं टोक

मार्चमध्ये तपकिरी पाकीट येतं.
मी ते चहा पिऊन झाल्यावरच उघडते,
आधी उघडलं तर चहा कडू लागतो, असा अनुभव.
यंदा आठवड्याला चार पौंड साठ वाढले.
डर्बीत त्यात एक कोबी येतो, दूध येतं,
आणि बसथांब्यावर कुणाला तरी सांगायला एक वाक्य:
वाढवले हो, पण नावाला.

हेमलता घोरपडेला हे वाक्य म्हणता येत नाही.

आम्ही दोघी हॉस्पिटलच्या धुलाईघरात बावीस वर्षं.
ती खिडकीकडे, मी बॉयलरकडे, मध्ये चादर.
झटका, ताण, टोकाला टोक,
चार पावलं पुढे, बोटांना बोटं, पुन्हा मागे.
दिवसाला तीनशे.
बोलावं लागायचं नाही,
चादर कशी ओढली जाते त्यावरून कळायचं
आज हिचं घरी काहीतरी बिनसलंय.
पगाराच्या चिठ्ठीवर विम्याचा हप्ता
दोघींचा सारखाच कापला जायचा, पेनीला पेनी.
तेव्हा कुणी विचारलं नाही,
बाई, तुम्ही म्हाताऱ्या कुठे होणार?

ती गडहिंग्लजला झाली.
सोळा वर्षांपूर्वी गेली त्या दिवशीचा आकडा
तिला गोंदल्यासारखा चिकटला.
तूरडाळ वाढली, सिलिंडर वाढला,
गुडघ्याच्या गोळ्या अर्ध्या करून पुरवाव्या लागल्या,
आकडा तिथंच.

आमच्यातली मर्ल सेंट लुशियाला परतली, तिचा गोठला.
आयव्हडनी जमैकाला, तिचा वाढतो.
डोरीन स्पेनमध्ये उन्हाला पाय पसरून बसते,
तिचा वाढतो.
इस्त्रीवरचा केव्हिन बायकोच्या माहेरी, फिलिपिन्सला.
त्याचासुद्धा.
मी ग्रंथालयात मोठा नकाशा उघडून बसले,
काही नियम सापडतो का बघायला.
समुद्र म्हणावा, तर दोन्हीकडे समुद्र.
ऊन म्हणावं, तर ऊन सगळीकडेच.
फोनवरचा मुलगा नम्र होता:
त्या देशाशी तसा करार नाही, मॅडम.
मी म्हटलं, करार हेमलताशी होता.
तो थांबला. पलीकडे कुणीतरी
बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज आला.

गेल्या जूनमध्ये ती आली, तीन आठवडे.
तिला कळलं होतं की इथं असेपर्यंत
अर्ज केला तर आजचा दर लागतो.
केला. पैसे यायला अवकाश होता,
तरी नॉर्मंटन रोडवर तिने अर्धा किलो चेरी घेतल्या,
बागेतल्या बाकावर बसून बिया रुमालात गोळा करत म्हणाली,
सध्या मी चालू दराची बाई आहे.
इतक्या हसलो की माझी कवळी सैल झाली.

निघताना कोच स्टेशनवर विचारलं,
तुझा दर उतरणार कधी गं,
विमान उडालं की, का खाली टेकल्यावर?
ती म्हणाली, हे विचारायचं राहिलंच.
मग बॅगेची चेन लावत बसली.
चेन लागलेलीच होती.

तिच्या शेजारची खोली रिकामी आहे.
दक्षिणेकडे खिडकी, नळाला एक दिवसाआड पाणी,
संध्याकाळी गप्पांना हेमलता.
मी पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडते:
इथलं भाडं वजा, इथलं हीटिंग वजा,
मग गोठलेला आकडा गुणिले...
इथं पेन थांबतं.
किती वर्षं जगणार हे धरल्याशिवाय
गणित पुढे सरकत नाही.
पाच धरली तर जावं.
पंधरा धरली तर परवडत नाही.
आईसारखं जगले तर पंधरा.

तारेवरची चादर आज वाळली.
एक काठ हनुवटीखाली दाबला,
हात पसरले, जमेल तेवढे.
घडी होते.
तिरकी होते.