कशालाही हात न लावता

मी अर्धा तास आधी जाते.
आधी खिडक्या, मग आतली दारं,
स्वयंपाकघरातली कपाटंसुद्धा सताड,
म्हणजे बघायला येणाऱ्याला कशाला हात लावावा लागू नये.
दिवेही लावते. जून आहे, शेफील्डला रात्री दहापर्यंत उजेड,
तरी लावते. यादीत आहे.

वॉकलीच्या चढावरचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन.
भाडेकरू मिस्टर ऑसगथॉर्प, वय एक्क्याऐंशी,
स्वतःच्याच घरातून मागच्या अंगणात,
घडीच्या खुर्चीवर,
चहाचा मग आतच विसरून.

दुसऱ्याचं कपाट उघडायची सवय काही होत नाही.
पीचचे अकरा डबे.
खुंटीला बाईचा रेनकोट, खिशातून लोंबणारा कुत्र्याचा पट्टा.
कुत्रा नाही.
बाईबद्दल मी विचारलं नाही,
फॉर्मवर तसा रकाना नाही.

चार वाजता सेनाइत आली.
नवरा फुटपाथवरच थांबला, मुलाला खांद्यावर घेऊन.
मी मास्कच्या आत हसले,
तिला ते कुठून दिसणार.
पंधरा मिनिटं, दोन मीटर, हात पाठीमागे ठेवलेत तर बरं,
असं सगळं एका दमात सांगून टाकलं,
आणि ती जिना चढली, कठड्याला न धरता,
सातवा महिना, एकेक पायरी मोजत.

वर पोचली तेव्हा धापा टाकत होती.
पाणी विचारायचं नाही, हे मला फार जड गेलं.
साताऱ्याला आमच्या मागच्या कोनाड्यात
एक कप वेगळा असायचा, कान तुटलेला.
शेवंताबाई झाडलोट करून आली की
त्यात वरून पाणी ओतायचे, लांबून.
तेव्हा कसलीच साथ नव्हती.
मी सात वर्षांची होते, धार नेम धरून सोडायला शिकले होते,
आणि कौतुक झालं होतं माझं.

लहान खोलीत सेनाइतनं पाठीमागचा हात पुढे घेतला.
वाटलं, आता लावते. नाही लावला.
भिंतीपासून चार बोटं दूर, हवेतच,
वीत टाकत गेली,
अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी,
खिडकीखाली सात विती. मग परत एकदा सात.
पाळणा बसत होता.

"ऊन येतं का इथे?"
मी फाइल चाळायला लागले.
उत्तर अंगणातून आलं, उघड्या खिडकीतून, ओरडून,
"साडेआठपर्यंत, लव्ह! थेट गादीवर!"
ती दचकली.
तिला कुठे ठाऊक, इथे बसच्या ड्रायव्हरलाही लव्ह म्हणतात.
"आणि ती खिडकी वरून ओढायची नाही,
खालून, खांदा लावून! माझी बायको एका झटक्यात उचलायची!"
सेनाइत खिडकीशी गेली, खाली बघितलं.
दोघं काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही.
तेरा मिनिटं झाली होती. सोळा झाली. 
मी घड्याळ बाहीखाली सरकवलं.

ती गेल्यावर मी फडका घेतला.
मुठी, कड्या, बटणं, जिन्याचा कठडा.
ज्याला कुणाचं बोटही लागलं नव्हतं
ते सगळं पुसलं, दोनदा.
हाताला स्पिरिटचा वास, आणि डोक्यात तो कप.

मिस्टर ऑसगथॉर्प आत आले.
"एवढ्या वर्षांत सगळी दारं एकदम उघडी
पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले, "वारा काय सुटलाय घरात."
आणि एकेक दार लोटत निघाले,
नुकत्याच पुसलेल्या प्रत्येक मुठीवर
आपला पूर्ण तळवा ठेवून.
सव्वापाचला पुढचे लोक येणार होते.
मला थांबवायला हवं होतं.

वरून पावलं ऐकू आली. मोठ्या खोलीचं दार लागलं. 
मग बराच वेळ काही नाही.
खाली येऊन त्यांनी गार चहा उचलला.
"लहान खोलीचं राहू दिलंय उघडं," म्हणाले.
का, ते त्यांनी सांगितलं नाही.